संमतीचा आशय आणि प्रतिमेची मालकी

१९९५ मध्ये ‘टफ’ बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण पायांत बूट आणि अंगाभोवती अजगर एवढ्यानिशीच दिसले. त्यावरील अश्लीलतेचा खटला चौदा वर्षे रेंगाळून २००९ मध्ये निर्दोष मुक्ततेने संपला. या काळात समाजाच्या नीतिमत्तेची चर्चा विपुल झाली. प्रतिमेतील स्त्रीच्या संमतीचे स्वरूप कोणते, हा प्रश्न मात्र खटल्याच्या कक्षेतच येत नव्हता. १८६८ च्या हिक्लिन निवाड्यापासून ही कसोटी पाहणाऱ्याच्या मनावरील परिणामाशी बांधलेली होती. स्त्री तेथे पीडित नसते, फार तर सहआरोपी असते. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा स्त्रीची दखल घेतो, पण समूह म्हणून; व्यक्तीच्या निवडीला त्यातही स्थान नाही.

उदारमतवादी म्हणतात, सज्ञान स्त्रीने निवड केली, विषय संपला. त्यांचे विरोधक म्हणतात, पुरुषसत्ताक व्यवस्थेत ही निवड मुळात निवडच नव्हे. दुसरी भूमिका अधिक सखोल भासते खरी. परंतु तिचे राजकीय रूप २००५ च्या डान्सबारबंदीत दिसले. शोषणापासून रक्षण म्हणून आणलेल्या त्या बंदीतून तारांकित हॉटेले वगळली होती, आणि तिला खुद्द नर्तिकांच्या संघटनेचाच विरोध होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली.

दोन्ही पक्ष निवडीला एका क्षणाची घटना मानतात, हा त्यांचा समान दोष होय. संमती स्टुडिओत दिली जाते. प्रतिमा मात्र कागल तालुक्यातील मुरगूडच्या एखाद्या केशकर्तनालयापर्यंत पोहोचू शकते, आणि तेथील नजरेशी त्या स्त्रीने कोणताही करार केलेला नसतो. सत्तरच्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘डेबोनेर’ मासिकात नग्न छायाचित्रांच्या शेजारीच कविता आणि गंभीर मुलाखती छापल्या जात. (मुलाखतींसाठीच अंक घेतो, असे सांगणारे वाचक तेव्हाही होते.) १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार त्या अंकातील कवितेचा कर्ता कवी आणि छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार, जिच्या देहावर अंकाचा खप उभा, ती मात्र कशाचीच कर्ती नव्हे. लेखकाच्या मृत्यूवर समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. जिला लेखकत्व कधी लाभलेच नाही, तिच्याकडे तिचे लक्ष क्वचितच गेले.

तेव्हा शोषण नग्नतेत शोधण्यापेक्षा करारनाम्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल. प्रतिमा किती काळ, कोणत्या माध्यमात, किती वेळा वापरायची आणि पुनर्वापराचा मोबदला कोणाला? मजुराचे श्रम दिवसाअखेर थांबतात. प्रतिमा स्त्रीच्या अनुपस्थितीतही राबत राहते. विसाव्या वर्षी दिलेली संमती चाळिसाव्या वर्षी मागे घेता येईल काय? तसे झाल्यास छायाचित्रकाराची कलाकृती दुसऱ्याच्या मनःपरिवर्तनावर अवलंबून राहील, हा आक्षेप खोटा नाही. कलाकृतीच्या बाबतीत त्याचा गंभीर विचार करावा लागेल. बुटांच्या जाहिरातीसाठी तो पुढे करणाऱ्यांनी मात्र आधी ती कलाकृती कशी, हे सिद्ध करावे.