पंगत आणि संगत

आपल्या बऱ्हाणपुरातील बडी संगत गुरुद्वाऱ्यावरून जाताना आपल्यापैकी पुष्कळांचे हात सहज जोडले जातात. हा भाव उत्तमच. तथापि ज्यास वंदन करावयाचे त्याचे स्वरूप जाणून घेणे, हेही वंदनाचेच अंग होय.

इ. स. १७०८ मध्ये दशम गुरु श्री गोविंदसिंहजी दक्षिणेकडे जात असता या नगरीत राहिले होते. त्याच वर्षी गोदातीरी नांदेड येथे त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा आपल्यापाशीच थांबवून गुरुपद ग्रंथास दिले. १४६९ साली जन्मलेल्या श्री गुरु नानकदेवांपासून दहा गुरु झाले. पुढे शब्द हाच गुरु. म्हणूनच गुरुद्वाऱ्यात मूर्ती नसते. चांदव्याखाली उच्चासनावर श्री गुरुग्रंथसाहेब विराजमान असतात, त्यांवर चवरी ढाळली जाते, आणि पाठ व कीर्तन चालते.

शीख ज्या परमेश्वरास भजतात तो एक, निराकार व जन्ममरणातीत आहे. त्याचे नामस्मरण करावे, प्रामाणिक कष्टाने पोट भरावे आणि मिळालेले वाटून खावे, ही त्यांच्या आचाराची तीन सूत्रे होत. १६९९ साली आनंदपुरास खालसा पंथाची स्थापना झाली. अमृत घेतलेला शीख केश, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही पाच चिन्हे धारण करतो.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. पंचम गुरु श्री अर्जनदेवांनी १६०४ साली ग्रंथाचे संकलन केले, तेव्हा त्यांनी गुरूंच्या वाणीसह इतर संतांची वाणीही त्यात घेतली. कबीर विणकर, रविदास चर्मकार, शेख फरीद मुसलमान. आणि आमचे नामदेव शिंपी. नामदेवांची ६१ पदे त्या ग्रंथात आहेत. त्या ग्रंथापुढे मस्तक टेकविणारा प्रत्येक शीख आमच्या शिंप्याच्या शब्दापुढेही नम्र होतो.

हे ऐकून कोणी म्हणेल, “मग शीख म्हणजे आपलेच!” असे म्हणण्याची घाई करू नये. तो स्वतंत्र धर्म आहे. त्याचा ग्रंथ, त्याचे विधी, त्याची श्रद्धा त्याची स्वतःची आहे. आप्तपणाचा दावा सांगणे सोपे. त्या आप्ताची शिकवण अंगी बाणविणे कठीण.

नामदेवांना जातीवरून देवळातून उठविले आणि ते मागच्या बाजूस बसून भजन करू लागताच देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांना उठविणारेही नित्य देवदर्शन घेणारेच होते, हे आपण सांगत नाही. सज्जनहो, त्या कथेत आपण कोणाच्या बाजूस उभे आहोत?

गुरुद्वाऱ्यात या प्रश्नाचे उत्तर लंगरात मिळते. राव असो वा रंक, सर्वांनी एका पंगतीत जमिनीवर बसून तेच अन्न घ्यावयाचे. तृतीय गुरु श्री अमरदासजींचा दंडक असा की, आधी पंगत, मग संगत. ज्या अकबराने १६०१ साली आपल्या जवळचा असीरगड घेतला, तो बादशहाही एकदा गुरूंच्या भेटीस गेला असता प्रथम पंगतीत बसला, असे परंपरा सांगते. तेथे उष्टी भांडी घासणे, आलेल्यांची पादत्राणे सांभाळणे, यांस हलके काम न समजता सेवा समजतात.

आपल्या मंदिरातही महाप्रसादाच्या पंगती बसतात. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे: माझ्या शेजारी कोण बसले आहे, हे पाहून मी किंचित सरकलो काय? पत्रावळी उचलण्याची वेळ येताच मी कोणाकडे पाहिले? शेजाऱ्याच्या धर्माचा परिचय करून घेण्याचे खरे फळ हेच की, आपल्या धर्मातील विसरलेले कर्तव्य आपणांस आठवावे. नामदेवांनी ते कर्तव्य आपल्याच भाषेत आपणांस आधी सांगितले होते. येत्या उत्सवाच्या पंगतीत ते पाळण्याची बुद्धी पांडुरंग आपणां सर्वांस देवो.