मुलांना दिलेला शब्द

मी न्यायदंडाधिकारी आहे; तालुका विधी सेवा समितीचं शिबिर शाळेत असलं की बोलायला जाते. शाल-श्रीफळ होतं, मुख्याध्यापक ओळख करून देतात, सतरंजीवरची मुलं टक लावून बघू लागतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मी पाठ करून घेते. मोफत वकील मिळायला मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं कलम १२ समजावते. इथवर काही जड जात नाही.

पोक्सोबद्दल, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याबद्दल, सांगून झालं तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. "मॅडम, कोर्टात तो माणूस समोर असतो का?"

मी म्हणाले, नाही. साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येऊ नये, हे बघणं न्यायालयाचं काम आहे. पडदा लावतात, नाहीतर व्हिडिओवरून साक्ष घेतात. ती बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. स्वतःसाठी विचारलं, की मैत्रिणीसाठी, की सहज? भर सभेत ते विचारणं योग्य नव्हतं. नंतर विधी स्वयंसेविकेला व्हरांड्यात थांबवलं. काही मुली बोलून गेल्या, त्यांत ती नव्हती.

"घाबरू नका, बोला," असं मी सांगते तेव्हा सगळ्या व्यवस्थेच्या वतीनं शब्द देते. मी गाडीत बसून परतते, ती मुलगी मात्र त्याच घरी, त्याच रस्त्यानं जाते. २०१२ चा हा पोक्सो कायदा म्हणतो, मुलाची साक्ष न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा. वर्ष उलटून गेलेले खटले मला माहीत आहेत. ते मुलांना सांगू की नको? सांगितलं तर धीर खचेल, असं बरेच दिवस वाटत होतं. आता वाटतं, सांगायलाच हवं. उशिराचा चटका बसेल तेव्हा त्यांना मी फसवलं असं वाटायला नको.

खटला विशेष न्यायालयात चालतो, तो माझ्या हातात नाही. त्याआधीचा मुलाचा जबाब मात्र माझ्यासमोर होतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. मूल आई-वडिलांना किंवा विश्वासातल्या माणसाला जवळ घेऊन बसतं. अडखळतं, गप्प होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. बाहेर बोर्डावरची प्रकरणं पुकारायची थांबलेली असतात, वकील घड्याळ बघत असतात. अशा वेळी मी त्या मुलाला लागेल तेवढा वेळ देते का, की पुढचं वाक्य मीच सुचवून मोकळी होते?