दुरुस्तीचा अधिकार

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव लावणारे आमचे वालचंदनगर साखर कारखान्याभोवती वाढले. तिथल्या घरोघरची जुनी छायाचित्रे आम्ही काही निवृत्त मंडळींनी संगणकावर चढवली. खाली नावे, साल, प्रसंग लिहायचे. काम सर्वांचे, म्हणून लिहिण्या-खोडण्याची मुभाही सर्वांना, असा आमचा बाणा. तो वर्षभरही टिकला नाही. कोणा हौशी तरुणाने एका चित्राची कड कापून ते ‘नीटनेटके’ केले आणि मूळ चित्रावरच साठवले. कडेला उभी असलेली दोन माणसे नाहीशी झाली. पाटीवर पुसले तरी पुसट रेघ राहते. इथे तीही राहिली नाही. मूळ कागद आधीच वाळवीने खाल्लेला.

तेव्हापासून पाहण्याची मोकळीक सर्वांना, फेरफाराची दोघांनाच. त्यांतला एक मी.

या बंदोबस्ताला मी आधारही शोधला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावले की, या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. हा दाखला मी येत्याजात्याला ऐकवीत असे. (किल्ली हाती आली की माणूस संतांची साक्ष काढू लागतो.)

मग एक आजी आल्या. ऊसतोडणीच्या चित्रातील तिसऱ्या बाईचे नाव चुकले आहे, म्हणाल्या. मी पुरावा मागितला.

“पुरावा कसला? आय हाय ती माजी.”

मी नियम सांगितला. त्या गेल्या.

त्या रात्री नाथांची गोष्ट मला उलटी दिसू लागली. कुलूप घालण्यापूर्वी ते स्वतः आत गेले होते. पाठभेदांनी ग्रंथ बिघडलेला पाहून त्यांनी त्याला हात घातला. त्यांच्या आधीच कोणी दार लावून घेतले असते, तर अशुद्ध प्रतच सोवळ्यात राहिली असती! आणि मी काय ताडून पाहिले होते? ते चुकीचे नाव माझ्याच एका स्नेह्याने ऐकीव माहितीवरून लिहिलेले. त्याच्याकडे मी पुरावा मागितला नव्हता.

कुलूप काढायला मी आजही तयार नाही. ती कापली गेलेली दोन माणसे विसरता येत नाहीत. जुने नाव न पुसता त्याखाली आजींचे म्हणणे, त्यांच्या नावानिशी व तारखेनिशी, मी लिहिले आणि त्यांच्या घरी सांगायला गेलो. त्यांनी ते नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतले.

“आन् वरचं नाव आजून तसंच का ठिवलंय?” त्यांनी विचारले.