उबळ येते तिथे

वस्त्रधौतीचं माप हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथानं देऊन ठेवलं आहे : चार बोटं रुंद, पंधरा हात लांब. तेवढं ओलं कापड सावकाश गिळायचं आणि मग बाहेर काढायचं. लोणावळ्याच्या कैवल्यधाममधल्या योगशिक्षणात अशा शुद्धिक्रियांना आजही जागा आहे. नुसतं वाचूनच घसा आवळतो. पण नको असलेल्या गोष्टीची सवय कशी लागते, हे या क्रियेइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

जिभेच्या मुळाशी परकं काही टेकलं की चेतातंतूंतून मेंदूच्या तळाशी निरोप जातो आणि क्षणात घसा आकसतो. ही उबळ आपल्या इच्छेला विचारत नाही. तिच्याशी झुंजायला जावं तर ती वाढते. म्हणून शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी फार काही करायचंच नसतं. उकिडवं बसायचं, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाचं टोक जिभेवर ठेवायचं, लाळेबरोबर थोडं आत जाऊ द्यायचं. उबळ आली की थांबायचं. पुढे ढकलायचं नाही, पण घाबरून कापड ओढूनही काढायचं नाही. श्वास संथ ठेवायचा, उबळ ओसरू द्यायची, मग वाटलं तर आणखी थोडं गिळायचं, नाहीतर हलकेच बाहेर घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तेच कापड थोडं अधिक आत जातं.

सगळी गोम त्या थांबण्यात आहे. एखादा अवघड फोन आपण लांबवतो तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणताच छातीवरचं ओझं उतरतं. ती सुटका खरी असते, आणि तीच आपल्याला टाळायला शिकवते. टाळलं, बरं वाटलं. पुन्हा टाळलं, पुन्हा बरं वाटलं. अशी टाळण्याचीच सवय पक्की होत जाते आणि आपण तिला आळस म्हणून स्वतःला कोसत बसतो. कोसण्यानं काही हलत नाही. उबळ भरात असताना पळ काढला तर शरीर एवढंच शिकतं, की पळालो म्हणून वाचलो. ती ओसरेपर्यंत तिथेच थांबलं, तर आपोआप ओसरते हे त्याला कळतं. त्यामुळे वर्षभराचा हिशेब लिहायचा राहिला असेल तर वही उघडून, काही न लिहिता, मनाची तगमग खाली येईपर्यंत बसणं हे पहिल्या दिवसाचं पुरेसं काम आहे.

नाक पाण्यानं धुण्याच्या जलनेती या क्रियेतून आणखी एक गोष्ट कळते. साधं थंड पाणी नाकात गेलं तर झोंबतं. म्हणून पाणी उकळून कोमट करतात आणि अर्ध्या लिटरला साधारण चहाचा चमचाभर मीठ घालतात, म्हणजे त्याचा खारटपणा शरीरातल्या द्रवांच्या जवळ येतो. मग तोंडानं श्वास घेत डोकं कलतं केलं की पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून येतं, झोंबत नाही. म्हणजे जी वेदना टाळता येते ती आधी टाळायची. उरते ती निव्वळ भीती, आणि सराव करायचा तो तिचाच. सोसणं म्हणजेच साधना, हे मला पटत नाही.

कैवल्यधाम 1924 साली स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) शरीराकडे याच आदरानं पाहत. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांत आत नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात मांडलं. गूढाचा बडेजाव न करता शरीरालाच विचारायचं, ही त्यांची रीत होती.

विचारलं की शरीर कधी ‘नको’ही म्हणतं, आणि ते मानावं लागतं. हठप्रदीपिका षट्कर्मं, म्हणजे अशा सहा शुद्धिक्रिया, सरसकट सगळ्यांना सांगत नाही. ज्यांच्यात मेद आणि कफ जास्त, त्यांनी ती आधी करावीत, बाकीच्यांना गरज नाही, असं तिचं म्हणणं आहे. भीती तिथे थांबल्यानं कमी होते, इजा मात्र वाढत जाते, हाच फरक शिकवणाऱ्याला ओळखावा लागतो. म्हणून धौती पुस्तकावरून करू नये. जठरात व्रण असेल, रक्तदाब जास्त असेल, तर कापड हातात घेण्याआधीच ते शिक्षकाला सांगावं.