जुन्या तबकड्या आणि खरेपणा

स्वतःच्या हातांनीं लहानशी शर्यती घाटाची मोटार जोडण्याचा इंग्लंडांत एक जुना छंद आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कारखान्यानें १९५७ सालीं ‘सेव्हन’ नांवाची हलकी गाडी काढली. ती सुट्या भागांच्या रूपांत घेतल्यास खरेदीकर वांचे, म्हणून पुष्कळांनीं ती घरींच जोडली. १९७३ पासून तिचा वारसा केटरहॅम कंपनीकडे आला व छंद अजून चालू आहे. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलें, म्हणजे जोडणारापुढें एक प्रश्न येतो : समोरच्या फळीवर तबकड्या कोणत्या बसवाव्या?

जुन्या घाटाच्या तबकड्या हल्लीं नव्या मिळतात. काळा चेहरा, पांढरे आंकडे, भोंवतीं क्रोमचें कडें; आंत मात्र सारा विजेचा कारभार. जुन्या वेगमापकांत गिअरपेटीपासून आलेली लवचिक तार एक लोहचुंबक फिरवी. त्याच्या ओढीनें धातूची वाटी वळूं पाही, बारीक स्प्रिंग तिला आवरी, आणि या झटापटींतून काटा वेग सांगे. तार कोरडी पडली कीं काटा थरथरे. तेलाच्या दाबाचें तर याहून नवल : बारीक नळीवाटे खुद्द इंजिनांतलें तेल तबकडीपर्यंत येई. ती नळी फुटली तर कढत तेल चालकाच्या गुडघ्यांवर! तेव्हां जुनें तें सारें निर्दोष होतें, असें म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

मग जुनें रूप व नवें अंतरंग ही फसवणूक झाली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गोल तबकडी ही कोणा एका काळाची मिरास नव्हे. आंकडा न वाचतांहि काट्याचा कल डोळ्याला कळतो, हा तिचा गुण आजहि शाबूत आहे. नव्या तबकडीस मुद्दाम पिवळटपणा आणणें व ओरखडे काढणें हें मात्र निराळें. तेथें न घडलेल्या भूतकाळाची साक्ष दिली जाते.

असत्य खरोखर शिरतें तें काट्यांत. १९८९ सालीं निघालेली मॅझ्दाची एम्एक्स्-५ ही जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांच्या प्रेमांतूनच जन्मली. पहिल्यापहिल्यानें तिच्यांत तेलाचा काटा खरा दाब दाखवी; पुढें १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास असा काटा आला कीं, दाब किमान मर्यादेच्या वर आहे एवढें कळतांच तो ठरल्या जागीं जाऊन स्वस्थ बसे. रूप मापकाचें, काम दिव्याचें! मालकानें उगीच घाबरूं नये हा हेतु असेलहि; परंतु ज्याला घाबरण्याचा अधिकार आहे त्याला न विचारतां निश्चिंत करणें, यांत आम्हांस सौजन्यापेक्षां अवहेलनाच अधिक दिसते. कारखान्याच्या गिऱ्हाइकास यांत निवड नसते. स्वतः गाडी जोडणारास ती आहे, आणि म्हणून जबाबदारीहि त्याचीच.

तिची कसोटी अंतराच्या आंकड्यांवर लागते. इंजिन कित्येकदां एखाद्या जुन्या गाडींतून काढलेलें, हजारों मैल धांवलेलें असतें. नवी तबकडी मात्र शून्यापासून आरंभ करिते. तें शून्य तबकडीपुरतें खरें, इंजिनापुरतें खोटें. जोडणारा स्वतः फसत नाहीं, कारण तो सर्व जाणतो. पण अशा गाड्या कधींतरी विकल्या जातात, आणि घेणारा प्रथम तोच आंकडा पाहतो. इंजिन किती धांवलें होतें व तबकडी कोणत्या दिवशीं बसविली, एवढें गाडीच्या कागदांत लिहून ठेवण्यास अर्धी घटकाहि लागत नाहीं.