राजगृहाची उष्णकुंडे आणि खोळंबलेला राजा

तीर्थाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न विचारणेच पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. झऱ्याचे पाणी आपणहून वर येते. ते तापविण्यास कोणी सरपण घातलेले नसते, उपसण्यास कोणाचे हात शिणलेले नसतात. मग ज्यास जितके वेळ डुंबावयाचे तितके त्याने डुंबावे, यात दोष तो कोणता? परंतु बिहारातील राजगीरच्या उष्ण झऱ्यांसंबंधी पालि विनयपिटकात एक कथा आहे. तिचा विचार करू लागले म्हणजे हे उत्तर वाटते तितके सरळ राहत नाही.

राजगीर म्हणजे प्राचीन राजगृह, महाभारतातील जरासंधाचे गिरिव्रज. पाच टेकड्यांच्या वेढ्यात मगधाची ही राजधानी नांदत होती. पुढे राजधानी पाटलिपुत्रास गेली आणि येथे अवशेष उरले. चुन्याचा स्पर्शही नसलेल्या, नुसत्या प्रचंड धोंड्यांच्या रचाईचा तट टेकड्यांच्या माथ्यांवरून सुमारे ४० किलोमीटर धावत होता. त्याचे तुकडे आजही दिसतात. वैभार टेकडीच्या पायथ्याशी उष्णकुंडे आहेत, आणि त्यांच्या थोडे वर दगडी रचाईचा एक चौथरा आहे, त्यास लोक जरासंधाची बैठक म्हणतात. सप्तधारेचे पाणी सात मुखांतून पडते. ब्रह्मकुंडाचे सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत उष्ण असते. येथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. (एवढे कळल्याने भाविकाचा हात जोडण्याचा राहील, असे मला वाटत नाही.) आपल्याकडे अधिक मासात जावयास अनारशांचे वाण देतात, तेथे त्याच महिन्यात मलमासाचा मेळा भरतो, कारण त्या काळात तेहतीस कोटी देव राजगृही वस्तीस असतात अशी श्रद्धा आहे. २०२३ च्या अधिक श्रावणातही तो भरला होता.

आता ती कथा. पालि ग्रंथांत या झऱ्यांस ‘तपोदा’ असे नाव आहे. भगवान बुद्ध नगराबाहेर वेळुवनात राहत असता भिक्षू तपोदेवर स्नान करीत होते. मगधराज बिंबिसार न्हाण्यासाठी तेथे आला. आर्यांचे स्नान उरकू द्यावे, मग आपण न्हावे, असे म्हणून तो एका बाजूस थांबला. भिक्षू अंधार पडेपर्यंत पाण्यातच राहिले. राजाचे स्नान अवेळी झाले. तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते, आणि ज्याचे ते नगर त्यालाच रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी अंगावरची उटी तशीच असता तो बुद्धाच्या दर्शनास गेला. इतक्या पहाटे कसे येणे केलेत, असे विचारल्यावर सर्व प्रकार उघड झाला. राजास पाहूनही ज्यांना प्रमाण कळले नाही त्या भिक्षूंस बुद्धाने दोष दिला आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम घातला. पाचित्तिय नियमांत हा ५७ वा होय.

या कथेत खोटे कोणी बोलत नाही, चोरी कोणी करीत नाही. पाणीही कमी पडलेले नाही. रात्री राजास ते मिळालेच. मग अपराध कशाचा? भिक्षूंनी घेतले ते पाणी नव्हे, दुसऱ्याची वेळ घेतली. आणि ती घेत असता काठावर कोण उभे आहे हे त्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. मान मिळणाऱ्या माणसास हा धोका नेहमीच असतो. मी पुजाऱ्याच्या घरात जन्मलो. एकादशीच्या गर्दीतही गाभाऱ्याकडे जाताना लोक बाजूस सरून आम्हांस वाट देतात. त्या सरणाऱ्यांत कोणी म्हातारी तासभर उभी असेल; पण तिच्याकडे पाहावयाचे बंधन आमच्यावर कोणी घालीत नाही, आणि तीही तोंड उघडीत नाही.

येथे राजाच्या वागण्याकडेही वळले पाहिजे. सर्वसाधारणपणे आपण त्याच्या विनयाचे कौतुक करून मोकळे होतो, आणि ते योग्यच आहे. हुकूम करण्याची शक्ती असता जो थांबतो त्याचे थांबणे मोलाचे. तथापि एका सेवकास पुढे पाठवून दोन शब्द कळविणे अवघड होते काय? पूज्य माणसापुढे मौन धरणे हा नेहमीच आदर ठरत नाही. पुष्कळदा त्या मौनामुळेच पूज्य माणसाची चूक त्याच्यापासून दडून राहते. बिंबिसाराने शेवटी सांगितले, पण विचारल्यावर. त्याला कोणी विचारले नसते तर? तरीही दोघांचा दोष सारखा मी मानीत नाही. पाण्यात जो उभा आहे त्याने मागे वळून पाहावयाचे असते. काठावरच्याने हाक मारावी ही अपेक्षा त्यानंतरची.

नियमाचे पुढे काय झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. उन्हाळा, आजार, कष्टाचे काम, प्रवास, वारापाऊस, यांसाठी सवलती मिळाल्या. इतकेच नव्हे, तर महाकात्यायनांनी सोण कुटिकण्णाकरवी विनंती केल्यावरून अवंती व दक्षिणापथ या प्रांतांतील भिक्षूंस नित्य स्नानाची मुभा दिली गेली, कारण तेथील लोक स्नानास फार महत्त्व देणारे. अवंती म्हणजे आपला माळवाच! पंधरवड्याचा आकडा हा नियमाचा जीव नव्हता, हे यावरून उघड होते. काठावर कोणी खोळंबला आहे काय, हेच त्यात पाहावयाचे होते.

बिंबिसार निदान डोळ्यांना दिसत होता. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग येथे आला. पूर्वी ५०० झरे होते, आता काही दशकेच उरले आहेत, असे त्याने नोंदविले. आज गावे वाढतात, विंधनविहिरी खोल जातात, आणि भूगर्भातील उपसा वाढला की कोणत्याही झऱ्याचा जोर ओसरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहार सरकारने हाथीदह येथून गंगेचे पाणी नळाने राजगीरपर्यंत आणले. जमिनीखालील पाण्यावरचा भार हलका व्हावा हा त्यातील एक हेतू. विंधनविहीर खोदणाऱ्यास काठावरचा माणूस दिसत नाही. तो बहुधा अजून जन्मलेलाही नसतो. त्याच्या वतीने पहाटे उठून कोणाच्या दारी जावे?

ब्रह्मकुंडापासून थोड्याच अंतरावर मखदूम कुंड आहे. १३८१ मध्ये निवर्तलेले सूफी संत शरफुद्दीन याह्या मनेरी यांच्या तपश्चर्येशी त्याचे नाव जोडलेले आहे. तेथे मुसलमान भाविक स्नान करतात, येथे आपण करतो.