गुन्ह्याचे नाव आणि भाषांतरकाराची सचोटी

पोलिसांच्या कागदावरील गुन्ह्याचे नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारा मनुष्य केवळ शब्द बदलतो, की कोणाच्या माथ्यावरचा आरोपही बदलतो?

ताडोबाच्या दाराशी वसलेल्या मोहर्लीच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गोंडीत सांगितलेली हकीकत फिर्यादीत मराठी होते आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, की तीच इंग्रजीत वाचली जाते. ‘शिकार’ हाच शब्द घ्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राण्याला मारणेच नव्हे, तर फासे लावणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच. फास लावून रिकाम्या हाताने परतलेला मनुष्य ‘मी शिकार केली नाही’ म्हणतो, तेव्हा तो गावच्या भाषेत खरे बोलत असतो. ‘शिकारीची कबुली दिली’ असे लिहिले, तर वाचणाऱ्यास मेलेले जनावर दिसते. ‘शिकार नाकारली’ असे लिहिले, तर फास दृष्टीआड होतो. ‘फास लावला, प्राणी सापडला नाही’ एवढेच लिहिणे सचोटीचे.

बोलण्यात आपण कोणत्याही धाकदपटशाच्या लुटीला ‘दरोडा’ म्हणतो. कायद्यात मात्र त्यासाठी पाच किंवा अधिक माणसे लागतात. 1860 च्या दंड संहितेतील ही अट 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही कायम आहे. दोघांनी केलेली ती ‘जबरी चोरी’.

परभाषेत तर कानही फसतो. स्पेनच्या कायद्यात बळ न वापरता केलेली चोरी ‘उर्तो’. कुलूप फोडून केलेली चोरी ‘रोबो’. हा ‘रोबो’ इंग्रजीत ‘रॉबरी’ झाला, की रिकाम्या घराचे कुलूप फोडणाऱ्यावर माणसाला मारहाण केल्याचा किंवा धाक दाखवल्याचा आळ येतो.

कोणी म्हणेल, भाषांतरकार काही न्यायाधीश नव्हे. अगदी खरे, म्हणूनच त्याने न्यायाधीशाचे काम करू नये. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी थांबत नाही. संतापाने जड शब्द निवडणे हा आरोपीवर अन्याय. दयेने हलका शब्द निवडणे हा ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर. तेव्हा जोडशब्द मिळत नसेल, तर कोणी, काय, कसे केले हे साध्या वाक्यात लिहावे. वाक्य लांबले तरी चालेल. आरोप लांबता कामा नये.